बोंबलाच्या वासाची साखर

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. ज्या वर्षी सखूचे लग्न झाले आणि तिच्या बहिणींनी नवरदेवाचे समजून फोटोवाल्याचे बूट लपवले, त्या वर्षी मी उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या दुकानातून मांडवात आलो. माझ्या पोटावर 'सखूस मामाकडून' असे कोरले होते. अनवाणी फोटोवाला बूट शोधता शोधता माझ्यावर आपटला. तेव्हापासून माझ्या कडेला पोचा आहे आणि झाकण हट्टी आहे. एरवी ते ठोकूनच उघडावे लागते; पोच्यावर अंगठा दाबला की मात्र अलगद उघडते. हे फक्त सखूला माहीत होते.

मित्रांनो, विठ्ठलवाडीच्या चाळीत सखूकडे माझा मोठा मान होता. सणावारी मी शेजारी जायचो आणि कधी रिकामा परत यायचो नाही. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. घरात काही नसले तर चिमूटभर साखर घालतात.

एके दिवशी मी डिंकाचे लाडू घेऊन बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, बनूबाईंकडे गेलो. बनूबाई सखूची माहेरची मैत्रीण. माझ्यासोबत सखूची दीड महिन्याची मुलगीही गेली. कोर्टाचे रीतसर कागद झाले आणि ती बनूबाई-रामभाऊंची तेजस्वी झाली. लाडू संपले, पण मी परत गेलो नाही.

"जिनं पोर दिली, तिच्या डब्यात मी काय घालू?" असे म्हणून बनूबाईंनी मला फळीवर ठेवले. त्या विचार करत राहिल्या. एरवी विचार करायची त्यांना सवय नव्हती, म्हणून सोळा वर्षे लागली.

पहिलीत असताना तेजस्वीने अक्षरे लावत माझे पोट वाचले. "आई, ही सखू कोण?" तेव्हा बनूबाईंनी तिला सगळे सांगितले. माझ्या अंगावर काय लिहिले आहे, हे मलाही त्याच दिवशी कळले.

यंदा होळी झाल्यावर सखूची थोरली मुलगी मनाली हिचा फोन आला. सखूचा पोटाचा आजार हाताबाहेर गेला होता. दवाखान्यातून तिला घरी आणले होते. तिला तेजस्वीला एकदा बघायचे होते.

रामभाऊ गाडी काढू लागले. "मी एकटीच जाणार," तेजस्वी म्हणाली. तिला एकच गोष्ट विचारायची होती: मला का दिलंस? ती घरच्यांसमोर विचारवली नसती.

तेव्हा बनूबाईंना एकदाचे आठवले. तेजस्वी पोटात असताना सखूला सुक्या बोंबलाच्या चटणीचे डोहाळे लागले होते. त्यांनी मला चटणीने काठोकाठ भरले आणि झाकणावर बसून ते दाबले. खरोखर बसून. बनूबाईंचे वजन मी सांगत नाही.

अंबरनाथला रिक्षा बदलली. पुढच्या शेअर रिक्षात शेजारच्या सिंधी आंटींनी नाकाला ओढणी लावली.

"बेटा, इसमें कोई मर गया क्या?"

"नहीं आंटी, बोंबील है."

"तो मर ही गया ना! किसके लिए ले जा रही है?"

"मम्मी के लिए."

"और बनाया किसने?"

"मम्मी ने."

आंटींनी तिच्याकडे दोनदा पाहिले आणि उल्हासनगर येईपर्यंत नाकावरची ओढणी काढली नाही.

तेजस्वीने मला सखूच्या खोलीत खाली ठेवले. लगेच सगळे माझ्या झाकणाच्या मागे लागले. मनालीने सुरी लावली. शेजारचा रिक्षावाला सोमा पक्कड घेऊन आला.

"सोम्या, सोड त्याला!" सखू खाटेवरून म्हणाली. "डबा आहे तो, रिक्षाचं इंजिन नाही. आण इकडं."

तिने पोच्यावर अंगठा ठेवला. टक्. मी उघडलो. तिला फक्त पेज चालत होती, तरी तिने बोटभर चटणी चाटली. "मीठ जास्त. बनू काही बदलली नाही."

मग तेजस्वीने विचारले, "मला का दिलंस?"

"तुझा बाप गेलेला. पदरात आधीच तिघी. माझं दूध आटलं," सखू म्हणाली. "आणि बनूकडं म्हैस होती."

"म्हणजे मी म्हशीसाठी गेले?"

"अगं बाय, नुसती म्हैसच बघायची असती तर तबेल्यात नसती का दिली? म्हशीपाशी बनू होती."

तेजस्वी हसली. हसता हसता तिने सखूच्या कुशीत तोंड घातले, ते बराच वेळ बाहेर काढले नाही.

निघताना मनालीने मला घासले. वास गेला नाही. "रिकामा नेऊ नको," सखू म्हणाली. घरात देण्यासारखे काही नव्हते. तिने चहासाठी ठेवलेली चिमूटभर साखर माझ्यात टाकली. मग तेजस्वीचा अंगठा धरून माझ्या पोच्यावर ठेवला. "इथं दाबायचं. बनू बसली असेल ना यावर?"

घरी बनूबाई झाकण ठोकायला लाटणे घेऊन तयार होत्या. तेजस्वीने अंगठा दाबला. टक्.

"कुणी शिकवलं गो?"

"आईनं."

"बरं केलं," बनूबाई म्हणाल्या आणि त्यांनी लाटणे खाली ठेवले.

त्या साखरेचा चहा झाला. त्याला बोंबलाचा वास येत होता. रामभाऊ काही बोलणार तेवढ्यात बनूबाईंनी डोळे वटारले. तिघांनीही कप रिकामे केले.

मित्रांनो, जुने भांडे भंगारात टाकण्याआधी त्यावरचे नाव वाचा. आणि कुणाचा डबा घरी राहिला असेल, तर त्यात काय घालावे या विचारात सोळा वर्षे घालवू नका. चिमूटभर साखर पुरते.

त्या चहानंतर नवव्या दिवशी, गुढीपाडव्याच्या आदल्या सकाळी साडेदहाला सखू वारली. तिच्या चारही मुली जवळ होत्या.