अर्धं पातळ

“रेक्झिनला माफी न्हाय!” हातातली कात्री राजदंडासारखी उंचावत झुंबरराव म्हणाले. “कापडावर टीप चुकली तर उसवावी, नखानं चोळावं, भोक बुजून जातं. रेक्झिनमधनं सुई एकदा गेली की भोक जन्माचं. म्हणून ह्या धंद्यात माणसानं चुकायचंच न्हाय.”

एवढं बोलून ते मोटारसायकलच्या सीटचं कव्हर उसवायला बसले. ते उलट्या बाजूनं शिवलं गेलं होतं.

बाकावर साहेबराव पेपर वाचत होते. साखर कारखान्यातून रिटायर झाल्यापासून ते भवानीनगरच्या या दुकानात रोज येत, पेपर मात्र स्वतःचा आणत. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“झुंबरराव, बनियनला तेल लई दिसतंय. मशीनला घालताय का अंगाला?”

झुंबररावांनी सदरा खाली ओढला.

दुकान एकच होतं. पुढं झुंबररावांचं जाड मशीन. त्यावर ट्रॅक्टरच्या आणि गाड्यांच्या सीटा शिवल्या जात. मागं रंगूबाईंचं, त्यावर ब्लाउज आणि साड्यांचे फॉल. दोन्ही मशिनांच्या पाठी एकमेकींकडे होत्या आणि गेला महिनाभर नवराबायकोच्याही.

त्याला कारण रंगूबाईंच्या आईचं पिवळं वायलचं पातळ. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. नव्या बाळाला कोरं कापड टोचतं, म्हणून लेक पायलच्या पहिल्या बाळाच्या दुपट्यासाठी रंगूबाईंनी ते तिच्या लग्नापासून ट्रंकेत जपलं होतं. महिन्यापूर्वी ऊन दाखवायला म्हणून त्यांनी ते दुकानातल्या दोरीवर टाकलं. झुंबररावांनी त्यातलं निम्मं टरकावलं, मशीन लख्ख पुसलं आणि इतकं मऊ फडकं आपल्याला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं, हेही वर बोलून दाखवलं.

त्या वाक्यानंतर दुकानात शांतता नांदू लागली.

आज संध्याकाळी पायल जळोचीहून बाळंतपणाला माहेरी यायची होती. सकाळी तिनं फोनवर आईला सांगितलं, दुपट्याला खालून रेक्झिन लाव, म्हणजे गादी भिजणार नाही. बिचारीला घरातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मागून कट्ट असा आवाज आला. रंगूबाई एका हातात उरलेलं अर्धं पातळ आणि दुसऱ्या हातात मोडकी सुई घेऊन पुढं आल्या आणि बाकासमोर उभ्या राहिल्या.

“साहेबराव भावजी, त्यांना सांगा, माझी सुई रेक्झिनमधनं जात न्हाय.”

“झुंबरराव, सुई जात न्हाय.”

“तिला सांगा, माझ्या मशीनचं दात दांडगं हायती. वायल आत वढून घेतील. चिंध्या हुतील.”

“वहिनी, चिंध्या हुतील म्हनत्यात.”

“चिंध्याच करायची सवय हाय म्हणावं.”

हा निरोप साहेबरावांनी पोचवला नाही. तो पोचलेला होता.

झुंबरराव उठले. बादलीपाशी जाऊन त्यांनी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. ते हुंगले आणि पुन्हा धुतले. तेलाची बुधली उचलून दाराबाहेर ठेवली. मशीनमधली दाभणासारखी सुई काढून त्यातल्या त्यात बारीक सुई बसवली. मग त्यांनी आकाशी रेक्झिन कापलं आणि वायलवर ठेवलं.

रंगूबाईंनी टाचणी उचलली. झुंबररावांनी नुसतं त्या टाचणीकडं पाहिलं. टाचणीचंही भोक जन्माचंच. रंगूबाईंनी टाचणी ठेवली, दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून आणले आणि कडेनं लावले.

आता प्रश्न कापड पुढं ओढणाऱ्या दातांचा. रंगूबाई वळल्या, साहेबरावांच्या हातातला पेपर घेतला आणि त्याच्या लांब पट्ट्या फाडून वायलखाली सरकवल्या. दातांनी कागद चावावा, वायलला तोंड लावू नये.

“वहिनी, अग्रलेख ऱ्हायला हुता,” साहेबराव म्हणाले.

“वाचून कुणाचं भलं झालंय?”

रेक्झिन मशीनच्या पायाला चिकटू नये म्हणून झुंबररावांनी, बाळासाठी आणलेला पावडरचा डबा फोडून, पावडरीचं बोट रेक्झिनवर फिरवलं. वायल तेवढंच उरलं होतं. पुन्हा शिवू म्हणायची सोय नव्हती.

“टीप मोठी ठेवतो. बारीक टिपा घातल्या तर पोस्टाच्या तिकिटासारखं फाटल,” झुंबरराव म्हणाले. हे सांगताना ते साहेबरावांकडं पाहायला विसरले.

मशीनची मोटार त्यांनी लावलीच नाही. हातानं चाक फिरवत एकेक टीप टाकू लागले. पलीकडून रंगूबाई कापड ताणू न देता सोडवून घेत होत्या. पहिल्या कोपऱ्याला त्या थांबा म्हणणार होत्या. चाक आधीच थांबलं होतं. दुसऱ्या कोपऱ्याला त्यांनी तोंडही उघडलं नाही. साहेबराव दोघांकडं आळीपाळीनं बघत, बोलावलं तर असावं म्हणून तयार होते. त्यांना कुणी बोलावलं नाही.

चौथी बाजू संपली. रंगूबाईंनी कागद हलकेच फाडून काढला. वायल अखंड होतं. त्यांनी दुपटं गालाला लावून पाहिलं. एका टाक्यात हवामानाच्या अंदाजाचा तुकडा अडकला होता, तो नखानं काढला.

झुंबररावांनी सवयीनं सदरा वर केला आणि बनियनच्या टोकानं मशीन पुसायला घेतलं. पातळ टरकावलं त्या दिवसानंतर त्यांनी दुकानातल्या एकाही चिंधीला हात लावला नव्हता.

रंगूबाईंनी ते बनियन पाहिलं. मग मागं गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. त्या परत आल्या ते काळ्या तेलाचे डाग पडलेलं, धुऊन घडी घातलेलं दुसरं अर्धं पातळ घेऊन. त्यांनी ते नवऱ्याच्या मशीनवर ठेवलं.

झुंबररावांनी त्यावर हात ठेवला, पण पुसलं काहीच नाही. साहेबराव उरलेल्या पेपरात तोंड खुपसून बसले. घसा खाकरून झुंबरराव महिन्याभराचं सगळं एकदम बोलायला उभे राहिले.

“रंगू, मी त्या दिवशी...”

“ते ऱ्हाऊ द्या,” रंगूबाई म्हणाल्या. “पायल यायच्या आत तेवढं बनियन काढून भिजत टाका.”