रोजचं पाणी

नवरा गेल्याला पंधरवडा झाला नव्हता, तोच मोठ्या दिरांनी धाकटीचं सामान मागच्या खोलीत हलवलं. घरात दोनच सुना, थोरली आणि धाकटी. तिला सगळे धाकटीच म्हणत. मागची खोली म्हणजे अडगळीची. तिच्या भिंतीपाशीच वाळूची टेकडी होती, आणि दर वर्षी वारा सुटला की ती चार-पाच हात पुढे सरके. सामान लावताना धाकटीनं दिरांना थोरलीशी बोलताना ऐकलं. "आपण कशाला वाईटपणा घ्यायचा? वर्षभरात वाळूच हाकलेल तिला."

ते वाक्य तिनं पदराला गाठ मारावी तसं जपून ठेवलं.

सकाळी उठून आधी दारातली वाळू उपसायची, मग चूल पेटवायची. अंथरुणात वाळू, पिठात वाळू, दाताखाली वाळू. शेजारी विहिरी खणणारा एक म्हातारा राहायचा. त्याला तिची कणव आली. एक दिवस तो वाळलेलं मूळ घेऊन आला, बोटाएवढं जाड. "हे मला तीस हात खोल सापडलं. वर झुडूप केवढं होतं सांगू? माझ्या गुडघ्याएवढं! पोरी, या झुडपांचा सगळा संसार जमिनीखाली."

वाळू अडवायला ही झुडपं टेकडीवर लावायची कशी, तेही त्यानंच शिकवलं. रोपाशेजारी पाइपचा तुकडा खोल खुपसायचा आणि पाणी त्यातून सोडायचं, तेही पंधरा दिवसांतून एकदा. वरची वाळू कोरडीच ठेवायची. मूळ तहानलं की ओलाव्यामागे खाली खाली जातं.

पहिल्याच वर्षी वाळूनं झुडपं गळ्यापर्यंत गाडली. धाकटी ढसाढसा रडली. पण गाडलेल्या खोडांनाच नवी मुळं फुटली आणि शेंडे पुन्हा वर निघाले. पुढच्या वर्षी वाऱ्यानं उलट वाळू उडवून नेली. आडवी मुळं दोरखंडासारखी उघडी पडली, तरी झुडूप जागचं हललं नाही. चौथ्या वर्षी टेकडी थांबली. मग लांबलांबून लोक तिच्याकडे रोपं न्यायला येऊ लागले.

नवव्या वर्षी नवा रस्ता झाला. दिरांनी त्याच्या कडेला उघड्या वाळूवर प्रवाशांसाठी आठ खोल्या बांधल्या, आणि एका सकाळी ते धाकटीच्या दारात येऊन उभे राहिले.

"बसा ना भावजी. नऊ वर्षांत पहिल्यांदा पायधूळ झाडलीत. तशी इथं धुळीची कमी नाही म्हणा."

दीर ओशाळं हसले. "खोल्यांमागे दोनशे रोपं लावायचीत. तुझ्या हाताला यश आहे. घरचंच काम समज."

'नाही' अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि वाफ्यातली सगळ्यात सरस रोपं काढून दिली.

"फक्त एक करा, भावजी. रोज पाणी घाला. सकाळ-संध्याकाळ, थोडं थोडं, बुंध्याशी."

"ते तुझं पाइप-बिइप?"

"छे! ते आमच्यासारख्या गरिबांचं. तुमच्या दारात नळ आहे."

रोपं तरारली. वर्षभरात कमरेएवढी झाली, हिरवीगार. दीर रस्त्यात भेटले की म्हणायचे, "काय धाकटे, चेला गुरूला सवाई निघाला की नाही?" ती मान डोलवायची आणि घरी येऊन वाऱ्याचे दिवस मोजायची.

वारा आला तो तीन दिवस थांबलाच नाही. दिरांची झुडपं एकेक करून उपटली आणि चेंडूसारखी रस्त्यावरून गडगडत गेली. आठही खोल्या खिडक्यांपर्यंत वाळूत बुडाल्या.

चौथ्या दिवशी थोरली उपटलेलं झुडूप हातात घेऊन आली. त्याची मुळं वीतभरच, पायपुसण्यासारखी वरच्या वर पसरलेली.

"तू तुझ्या झुडपांना रोज पाणी घालतेस?"

"कधीच नाही."

थोरलीनं दार लोटून घेतलं. म्हणाली, "त्यांना कळू देऊ नकोस. ते म्हणताहेत, वाराच यंदा वाईट होता."

"कळायला नको? मग मी हे केलं कशासाठी, जाऊबाई?"

ती तडक रस्त्याकडे निघाली. दीर फावड्यानं दार मोकळं करत होते. धाकटीनं काहीएक न लपवता सगळं सांगितलं. पाणी वर मिळालं की मूळ खाली जात नाही, हेही समजावून दिलं.

दिरांनी फावडं वाळूत रोवलं. "तू माणूस आहेस का गं?"

"आहे ना. झुडूप असते तर कधीच विसरले असते."

पुढच्या वाऱ्याआधी दीर आणि थोरली वाळूत बुडालेल्या खोल्या तशाच टाकून, गाव सोडून थोरलीच्या भावाकडे गेले. जाताना दोघांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही, उलट त्या दिवशी तिला चांगली भूक लागली.

म्हाताऱ्यानं मात्र तिच्याशी बोलणं टाकलं. शेवटचं एवढंच म्हणाला, "मी तुला झाडं जगवायला शिकवलं होतं."

ते तिला लागलं. दोन दिवस घास घशाखाली उतरला नाही. दिरांचं तिला आजही वाईट वाटत नाही. त्या दोनशे रोपांचं वाटतं. ती बिचारी मिळेल तेवढं पाणी पीत होती.