चांदीला हवा रक्तदाता

गिरणीचा संप लांबला तो लांबलाच, तेव्हा जयवंतने मुलुंडला डोंगराखालच्या चाळीमागे एक जर्सी गाय बांधली. गाय भाषण करत नाही आणि दोन्ही वेळा दूध देते, एवढ्यावर तिचं आणि त्याचं जमलं. पण पावसाळा सरता सरता चांदीने चारा सोडला, आणि दुसऱ्या दिवशी तिची लघवी कोऱ्या चहासारखी तांबडी झाली. त्या दिवसापासून जयवंतला चहा जाईना.

जनावरांच्या डॉक्टर जानकीबाई आल्या. त्यांनी चांदीच्या कानामागून एक टपोरा गोचीड उपटून दाखवला.

"हा रक्त पितो ते सोडा. पण पिताना आपल्या तोंडातले जंतू गाईच्या रक्तात सोडतो. ते रक्त फोडतात, म्हणून लघवी तांबडी."

"म्हणजे जेवायला येऊन घरफोडी," जयवंत म्हणाला.

"जंतूंवर इंजेक्शन दिलंय. पण पापण्या आतून पांढऱ्याफटक पडल्यात. आज रक्त चढवलं नाही, तर गाय हातची जाईल."

रक्त हा शब्द त्या चाळीत मोठ्याने उच्चारायची सोय नव्हती. मंडळाचा अध्यक्ष विद्याधर दर गणपतीत रक्तदान शिबिर भरवायचा. बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो बाही वर करून गोठ्यात हजर, आणि मागे मंडळाची पोरं रांगेत.

"घ्या. ओ पॉझिटिव्ह आहे. सगळ्यांना चालतं."

"गाईला नाही चालत."

"एकदा लावून तर बघा, डॉक्टर."

"गाईबैलाचंच लागतं. जनावर धडधाकट हवं, अंगावर गोचीड नको. आहे कुठे?"

आसपास म्हशींचे तबेले चिक्कार, पण म्हैसही चालेना. हे गोत्राचं प्रकरण असणार, असं समजून विद्याधरने मान डोलावली आणि बाही खाली केली.

"अहो," जयवंतची बायको मालन म्हणाली, "नंदीबैलवाला सकाळपासून नाक्यावर उभा आहे ना?"

जयवंत धावत गेला आणि बाळा नंदीबैलवाल्याला बैलासकट घेऊन आला. बाईंनी झूल उचलून कानात, काखेत, शेपटीखाली सगळीकडे बघितलं. बाळा बैलाला रोज खरारा करायचा. औषधाला एक गोचीड सापडेना. बाई खूश झाल्या. बाळा झाला नाही.

"राजा आपलं आपण ठरवतो, मालक. त्यालाच विचारा," बाळा बैलाची पाठ थोपटत म्हणाला.

ढोलकं घासलं की राजा होकाराची मान हलवतो आणि कासरा ओढला की नकाराची, हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. पण निम्म्या चाळीची लग्नं राजाने ठरवली होती, तेव्हा आता शंका काढणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

"राजा, आमच्या चांदीला रक्त देणार ना रे?" जयवंतने विचारलं.

कासरा हलला. राजाने नाही म्हटलं.

जयवंतने वळून बघितलं. गोठ्यात चांदी मान टाकून बसली होती. तेवढ्यात मालन पदर खोचून पुढे झाली.

"तुम्हाला विचारता येत नाही. राजा, खरं सांग हां. तुझ्या मालकाला भीती वाटते का रे?"

बाळाचा हात ढोलक्यावरच होता, आणि तो थरथरत होता. ढोलकं गुबुगुबु वाजलं. राजाने तीनदा हो म्हटलं.

बाळा खाली बसला. "एवढाच आहे माझ्याकडे, वहिनी. अशक्त झाला तर?"

"अंगात असतं त्यातलं थोडंच घेणार," जानकीबाई म्हणाल्या. "चांगलं खायला घाला, भरून येतं. हे विद्याधर वर्षानुवर्षं देतायत. बघा."

बाळाने विद्याधरला बघितलं. पुढून बघितलं, मग बाजूने बघितलं. पोट शर्टाच्या बटणांशी भांडत होतं. विद्याधरने ते आत ओढायला घेतलं, तसा जयवंत कुजबुजला, "राहू दे रे, यार. आज त्याचंच काम आहे."

बाळाने कासरा सोडला आणि ढोलकं घासलं.

राजाच्या मानेतून बाटल्यांत आणि बाटल्यांतून चांदीच्या मानेत रक्त सावकाश उतरलं. विद्याधर सवयीने राजाला "मूठ आवळा, सोडा" सांगत राहिला. शिबिराच्या नियमाप्रमाणे नंतर चहा-बिस्किटं आली. राजाने बिस्किटं कागदासकट खाल्ली. चहा बाळाने घेतला.

दुपार कलली तरी चांदी बसूनच. जयवंत तिच्यापुढे गवताची पेंडी धरून बसला. तिने हुंगलंसुद्धा नाही. शेवटी तो तोंड धुवायला नळावर गेला, आणि मागून शेजारच्या रत्नप्रभावहिनींचा आवाज आला.

"जयवंता, तुझी गाय माझा परकर खातेय रे."

चांदी चारी पायांवर उभी होती. दोरीवरचा परकर नाडीकडून निम्मा आत गेला होता आणि जबडा झकास चालला होता. जयवंत तिथेच ओल्या तोंडाने बघत राहिला.

"भूक लागली म्हणजे सुधारतेय," जानकीबाई म्हणाल्या. "पण तो परकर काढून घ्या आधी."

जयवंतने एका टोकाला धरलं, मालनने त्याच्या कमरेला. चांदीने असा हिसका दिला की दोघं शेणात बसली.

"जोर आलाय गं," जयवंत म्हणाला, आणि शेणातून उठायची त्याला काही घाई दिसेना.