मिटवामिटवीची बाटली

ओपारेने जिन दारूची बाटली गावच्या प्रमुखांसमोर ठेवली आणि हात झटकून मोकळा झाला. पोमाच्या अंगाची लाही लाही झाली. या माणसाने तिच्या कसाव्याच्या शेताला लागून दोन पुरुष खोल खड्डा खणला, सोनं काढून नेलं आणि खड्डा तसाच टाकला. पावसाने तो भरला. तिची चार वर्षांची मुलगी दुफी त्यात घसरली, आतल्या गंजक्या लोखंडाने तिचा पाय चिरला आणि इस्पितळात तो गुडघ्याखाली कापावा लागला. खड्डा अजून उघडाच होता.

घराण्याच्या वडीलधाऱ्याने अशी बाटली घेतली की प्रकरण मिटलं. त्यानंतर कुणी कोर्टात गेलं, तर गाव त्याच्या तोंडात शेण घालतं. पोमाचे वडीलधारे म्हणजे तिचे मामा ग्यिमा, आणि मामांचा हात बाटलीकडे निघालाही होता.

"मामा, हात मागे घ्या!"

सभा चपापली. "मोठ्यांसमोर आवाज चढवतेस?" मामा म्हणाले.

"चढवते! खड्डा बुजल्याशिवाय या बाटलीला आपल्या घरातलं कुणी शिवायचं नाही. उद्या दुसऱ्या कुणाची पोर पडेल."

"मी बोर्ड लावला होता," ओपारे म्हणाला. "धोका आहे, असा. आणखी काय करायचं माणसानं? आईनं लक्ष ठेवावं."

"चार वर्षांची पोर बोर्ड वाचते होय रे? मोठा शहाणाच आहेस!"

बायकांत खसखस पिकली. पोमा प्रमुखांकडे वळली. "नाना, गेल्या साली माझ्या बकरीनं दावं तोडून शेजारणीची केळी खाल्ली. दावं नवंकोरं होतं, माझी काही चूक नव्हती. तरी तुम्ही म्हणालात, बकरी तुझी, भरपाई तुझी. मी मुकाट्यानं दिली. मग आता सांगा, खड्डा कुणाचा?"

नानांनी नजर बाटलीकडे वळवली. ती जमीन त्यांनीच ओपारेला खणायला दिली होती.

ओपारे कुत्सितपणे हसला. "जा की कोर्टात. चपला झिजतील तुझ्या."

"झिजू देत. माझ्या पोरीला तर आता एकच लागते."

कुणी हसलं नाही. मामांनी दोन्ही हात अंगावरच्या कापडात ओढून घेतले.

"बाटली उचल, ओपारे," ते म्हणाले. "उद्या कोर्टात हिच्याबरोबर मीही येतोय."