वाळू अजून ओली आहे

गाईडबुकात ती ओळ अडतीस वर्षं होती. "नेल. उत्तरेकडच्या शिळेची डावी धार. चढल्याचा दावा केला गेला आहे, खात्री नाही."

चार आवृत्त्या निघाल्या, मुखपृष्ठं बदलली, काळ्यापांढऱ्या फोटोंचे रंगीत फोटो झाले, पण ती ओळ जागची हलली नाही. थर्झा डॉड प्रत्येक आवृत्ती विकत घेई, घरी येऊन किटली ठेवी आणि पाणी उकळेपर्यंत तेवढं एक पान उघडून बघे. मग पुस्तक मिटून फळीवर ठेवून देई. 'दावा केला गेला आहे.' कुणी केला, ते लिहिलेलं नव्हतं. तिला जास्त लागलं होतं ते हेच. खोटारडी म्हणायचं तर निदान नाव घेऊन म्हणा!

दावा तिनंच केला होता, पंचविसाव्या वर्षी. रविवारची प्रार्थना आटोपून, चर्चचे बूट गाडीत काढून ठेवून ती माळावर गेली होती. कॉर्बीशॉचा कडा रस्त्यापासून पाऊण तासावर, हेदरच्या झुडपांत वाट हरवते तिथं. कडा कसला, वालुकाश्माच्या दहा-बारा शिळा एका ओळीत उभ्या. दोर न लावता चढायच्या अशा शिळेला चढणारी मंडळी कोडं म्हणतात. उंची जेमतेम दोन-तीन माणसांएवढी, पण एकेक कोडं वर्षानुवर्षं कुणाला दाद देत नाही. आणि जो ते आधी सोडवील त्यानं त्याला नाव द्यायचं, हा तिथला रिवाज.

त्या दिवशी थर्झानं डावी धार सोडवली. खाली तिची मेंढ्या राखणारी कुत्री बसली होती, नेल. मान तिरकी करून ती शेवटपर्यंत बघत राहिली आणि थर्झा माथ्यावर पोचल्यावर एकदाच भुंकली.

बुधवारी क्लबची मंडळी पबमध्ये जमली तेव्हा थर्झानं सांगितलं. डेरिक फेनविक तेव्हा क्लबचा चिटणीस होता. ग्लासातला फेस मिशीवरून पुसत तो म्हणाला, "साक्षीला कोण होतं?"

"नेल होती."

"मग तिच्या पंजाचा ठसा घेऊन ये, बाई. वहीत चिकटवू."

सगळे टेबलं बडवून हसले. रविवार होता, वर आणखी कुणी बघत होतं, हे तिच्या जिभेवर आलं होतं. पण देवाला असल्या साक्षीला ओढायचं तिला पटलं नाही. तो काही क्लबचा सभासद नव्हता.

पुढे आई अंथरुणाला खिळली. मग खोऱ्यातल्या गावांना पुस्तकं पोचवणाऱ्या वाचनालयाच्या गाडीवर थर्झाला नोकरी लागली आणि त्या गाडीवरच तिचे केस पांढरे झाले. माळावर ती जात राहिली, बाकीची कोडी सोडवत राहिली. त्या धारेला मात्र पुन्हा हात लावला नाही. एकदा चढले, आता कुणाला दाखवायला चढू?

यंदा ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस सुरू झाले तेव्हा तिनं नवं व्रत घेतलं. दरवर्षी ती साखर सोडायची. यंदा म्हणाली, साखर काय कुणीही सोडतं, जीभ आवरून बघू. चाळीस दिवस कुणाबद्दल वाईट शब्द काढायचा नाही. तिसऱ्याच दिवशी डेरिकचा फोन आला. देवाला थट्टा करता येते, याची तिला त्या दिवशी खात्री पटली.

डेरिक आता गाईडबुकाचा संपादक होता. "थर्झा, अगं ती तुझी धार. कॅलम रे नावाचा पोरगा मागच्या शरदात चढलाय. व्हिडिओ आहे. नावही ठेवलंय त्यानं, 'लोण्याची सुरी'."

थर्झानं फोन दुसऱ्या कानाला लावला. व्रत होतं.

"हे बघ, मला तुझ्यावर अन्याय करायचा नाही. पुस्तक छापायला जायच्या आधीच्या शनिवारी सगळे कॉर्बीशॉला जमू. तू चढून दाखव. त्रेसष्टाव्या वर्षी जमलं तर पंचविसाव्या वर्षी जमलंच असणार, एवढं मी लिहीन. तुझ्या नावानिशी."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मग कॅलमची चढाई आणि कॅलमचं नाव. नेल पुसून टाकू."

नेल पुसून टाकू. फोन ठेवल्यावर थर्झा गोठ्यात गेली आणि तुळईला बोटांनी लोंबकळली. सात सेकंद. दुसऱ्या दिवशी आठ.

पाच आठवडे तिनं जीभ आवरली आणि बोटं तयार केली. कोरडे दिवस बघून दोनदा माळावर जाऊन आली. ती धार काही ताकदीची गोष्ट नव्हती, तोलाची होती. अंग दगडाला लावून, पायाच्या अंगठ्यांवर भार घेत हळूहळू सरकायचं. सगळी मदार एका पापुद्र्यावर, त्याला ती कानाची पाळी म्हणायची. आकारही तसाच आणि जाडीही जवळपास तेवढीच. पाळी हातात आली की उजवा पाय उंच टाकायचा, उठायचं आणि माथा धरायचा. दुसऱ्या खेपेला ती पाळीपर्यंत पोचली आणि तिथून हळूच उतरली. उरली एक हालचाल. ती शनिवारी.

शुक्रवारी रात्री पाऊस झाला.

शनिवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. थर्झानं रोजच्यासारखं स्तोत्र वाचलं, चहा घेतला, पडलं तर खाली असावी म्हणून न्यायची गादी पाठीवर बांधली आणि मॉसला हाक मारली. मॉस हा तिचा आताचा कुत्रा, नेलच्याच वंशातला, पण मेंढीमागे कधी धावलेला नाही. माळावर वारा मोकाट सुटला होता. कर्ल्यू पक्ष्यांची लांबलचक शीळ ऐकू येत होती. वाटेवरच्या चिखलात तिच्याआधी गेलेल्या बुटांचे ठसे होते, आणि पाण्यानं भरलेले होते.

शिळेखाली पाचजण जमले होते. डेरिक दुखऱ्या गुडघ्यामुळे घडीच्या खुर्चीवर बसला होता. क्लबचे दोघे जुने सभासद थर्मासमधला चहा वाटून घेत होते. मोठा कॅमेरा घेतलेली एक मुलगी होती. आणि कॅलम, बावीस-तेवीसचा, तांबड्या केसांचा, हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखा उभा.

"आलीस! मला वाटलं चर्चमध्ये लपशील," डेरिक म्हणाला.

"चर्च उद्या आहे, डेरिक. तूही येत जा."

म्हातारे हसले. थर्झानं गादी उतरवली, पण उलगडली नाही. ती शिळेजवळ गेली, खडकावर तळहात ठेवला. कोरडा. वाऱ्यानं वरची कातडी चांगली सुकवली होती. मग ती गुडघ्यावर बसली आणि शिळेच्या पायाशी साचलेल्या वाळूत बोटं खुपसली. बोट-दीड बोट खाली वाळू काळी होती, आणि मुठीत घेतल्यावर लाडवासारखी वळली.

तो गोळा हातात धरून ती बसून राहिली. पाच आठवडे. अडतीस वर्षं. बोटं तयार होती, पाय तयार होते, आणि आज जमणार हे तिला आतून कळत होतं.

"वाळू ओली आहे," ती म्हणाली.

"असेल. आपण काय वाळूवर चढतोय?" डेरिक म्हणाला. "दगड बघ की. खडखडीत आहे."

"वरून. आत पाणी प्यायलाय तो. रात्रभर प्यायलाय. पाळी आज चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी असेल."

"तुझं वजन ते किती! माझ्या नातीएवढं."

"नातीलाही चढू दिलं नसतं."

"थर्झा." डेरिकनं आवाज उतरवला, आणि त्या समजुतीच्या सुरानं तिच्या कानशिलात कळ उठली. "न्यूकॅसलहून माणसं आली आहेत. सोमवारी पुस्तक जातंय. भीती वाटत असेल तर तसं सांग. त्यात लाज कसली? या वयात..."

थर्झा उठली. वाळूचा गोळा तिनं त्याच्या मांडीवरच्या वहीवर ठेवला, त्याच पानावर, जिथं तो लिहिणार होता.

"हा नियम मला तू शिकवलास, डेरिक. मी एकोणीस वर्षांची होते. पावसानंतर वाळू बघायची आणि मगच बूट बांधायचे. विसरलास?"

"नियम आहेच. पण एखाद्या दिवशी..."

"हा दगड तुझ्या-माझ्या आधी होता. मी आज चढले आणि पाळी तुटून माझ्या हातात आली, तर माझं नाव छापून येईल आणि चढायला काही उरणार नाही. असलं नाव मला नको."

"म्हणजे तू चढत नाहीस."

"आज नाही."

"मग ओळ जाईल. नेल जाईल."

"तुझं पुस्तक आहे. तुला हवं ते लिही." ती जरा थांबली. तोंडात आलेले तीन-चार शब्द तिनं गिळले. ईस्टरला अजून आठ दिवस होते. "मी चढले होते. तेव्हाही सांगितलं, आत्ताही सांगते. तिसऱ्यांदा सांगणार नाही."

म्हाताऱ्यांपैकी एकजण खोकला. डेरिकनं वही झटकली, वाळू पॅंटवर सांडली. मग तो वळून म्हणाला, "कॅलम, तू तरी चढ. फोटो तर हवाच आहे. ऊन चांगलं आहे. दोन मिनिटांचं काम."

कॅलम बूट बांधायला वाकला.

थर्झा चालत गेली आणि शिळेला पाठ लावून उभी राहिली. पाच फुटांची बाई, अंगात आईच्या हातचा मातकट स्वेटर. दोन्ही हात तिनं मागे नेऊन दगडावर टेकवले.

"थर्झा, हा काय पोरखेळ?"

"हलवून दाखव मला."

"अगं, तुझं कोडं नाहीच ते आता! त्याचं आहे!"

"कुणाचंही असो. वाळेपर्यंत मी इथून हलत नाही. डबा आणलाय मी, हॅम घातलेला स्टॉटी पाव आहे. संध्याकाळपर्यंत पुरेल. तुला गुडघ्यामुळे लवकर निघावं लागेल, मला काही घाई नाही."

कॅमेरावाली मुलगी फिसकन हसली. कॅलम एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेत तिच्यापर्यंत आला. तिच्याकडे न बघता खाली बसला आणि वाळूत हात घातला. बराच वेळ हात तिथंच होता. मग त्यानं बाहेर काढला, बोटांवर चिकटलेली काळी वाळू बघितली आणि पायातला बूट काढला.

"ओली आहे," तो डेरिकला म्हणाला. "मी नाही चढत."

डेरिक बराच वेळ बोलला. वाया गेलेल्या दिवसाबद्दल, हट्टी बायांबद्दल, आजकालच्या पोरांबद्दल. थर्झानं सगळं ऐकून घेतलं, शिळेला पाठ लावूनच. शेवटी खुर्ची मिटली, थर्मास बंद झाला आणि मंडळी हेदरमधून उतरू लागली. ती दृष्टिआड झाल्यावरच थर्झानं दगडावरचे हात काढले. तळव्यांवर दगडाची नक्षी उमटली होती.

कॅलम मागे राहिला होता. तिनं पाव मोडून अर्धा त्याला दिला. मॉसनं दोघांच्या हातांचा नीट हिशेब घेतला आणि कॅलमजवळ जाऊन बसला.

"तुम्ही चढला होता ना?" कॅलमनं विचारलं.

"हो."

तो खात राहिला. मग म्हणाला, "मी आज डेरिकला फोन करतो. माझी चढाई काढून टाक म्हणून सांगतो."

"काढायची कशाला? चढलास ना तू?"

"चढलो."

"मग जे खरं ते खोडू नकोस, पोरा. फक्त तू दुसरा आहेस, एवढं लक्षात ठेव."

कॅलमचे कान केसांइतके तांबडे झाले आणि मग तो हसला. "आणि लोण्याची सुरी?"

"वाईट बोलायचं नाही असं माझं व्रत आहे," थर्झा म्हणाली. "ईस्टर झाल्यावर विचार."

त्यानंतर तीन दिवस पूर्वेचा वारा वाहिला. मंगळवारी दुपारी ती माळावर एकटीच गेली. वाळू कोपरापर्यंत हात घालून पाहिली. बोटांतून पिठासारखी गळली. तिनं गादी पसरली. मॉस लगेच गादीवर जाऊन पसरला. त्याला पुढच्या पायांना धरून ओढत हेदरमध्ये नेऊन ठेवावं लागलं. त्यानं एकदा उसासा टाकला आणि डोळे मिटले.

पहिल्या खेपेला तिचा पाय सरकला आणि ती गादीवर आली. दुसऱ्या खेपेला पाळीला हात पोचला, पण बोटं गार पडली होती. ती उतरली. बोटं काखेत घालून ऊब घेतली, बुटांचे तळवे पोटरीला पुसले.

तिसऱ्या खेपेला तिनं काही ठरवलं नाही. अंगठा, धार, अंगठा. गाल दगडाला लागला. उन्हात तापलेल्या वाळूचा तोच वास. पाळी हातात आली. कोरडी, टणक, वाजवली असती तर वाजली असती. तिनं ती ओढली नाही, नुसती धरली, आणि उजवा पाय उचलला. कमरेत कुठंतरी कट्ट झालं. पाय पोचेना. अर्धी वीत कमी पडत होता. "ये रे," ती पायाला म्हणाली, "ये, ये, अडतीस वर्षं झाली, ये." पाय आला. ती उठली. माथ्याच्या गोल काठावर आधी एक तळहात पडला, मग दुसरा, मग पोट, मग गुडघे. शेवटचा भाग बघणाऱ्याला मुळीच देखणा वाटला नसता.

बघणारं कुणी नव्हतं. माथ्यावर बसून तिनं खाली पाहिलं. मॉस चारी पाय वर करून घोरत होता. ती मोठ्यानं हसली, एकटीच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग हात जोडून थोडा वेळ बसली आणि मागच्या बाजूनं उतरली. घाम टिपायला बोटांना लावलेली खडूची पूड पाळीवर राहिली होती, ती तिनं मऊ ब्रशनं झाडून टाकली. दगड जसा होता तसा झाला.

घरी पोचली तोवर फोन वाजत होता.

"पुस्तक काल गेलं," डेरिक म्हणाला. "त्या कॅलमनं डोकं खाल्लं माझं. म्हणतो, मला दुसरा लिहा. पहिला नसताना दुसरा कसा लिहू? शेवटी त्याची चढाई लिहिली, क्रमांक न देता. तुझी ओळ आहे तिथंच आहे. दावा केला गेला, खात्री नाही."

"पण नेल राहिली?"

"राहिली." त्यानं घसा खाकरला. "थर्झा, नंतर गेली होतीस का तू?"

"ते तू विचारू नकोस. तुला साक्षीदार लागतो आणि माझा झोपला होता."



"म्हणजे तू..."

"पुढची आवृत्ती कधी, डेरिक?"

"सात-आठ वर्षांनी. का?"

"तेव्हा मी सत्तरीत असेन," थर्झा म्हणाली आणि दुसऱ्या हातानं किटली ठेवली. "ये तेव्हा. खुर्ची आण, पेन्सिल आण. आणि त्या खेपेला निघण्याआधी पाऊस बघून नीघ."