धागा तुटला तिथून

सोलापुरात ‘उलटा धोटा’ नावाचा रॉक बँड आहे आणि त्याचा ड्रमर मी आहे, हे आमच्या घरी अजून कुणाला पटलेलं नाही. तरी दोन अल्बम काढले आम्ही. बिरुदेव गिटार वाजवतो, ऋतुजा गाते, मी बडवतो. ज्वारीच्या कोठीत माइक सोडला, कुकरच्या शिट्टीवर अख्खं गाणं बांधलं. लोक म्हणाले, पोरं चक्रम आहेत, पण ठेका पक्का. हे कौतुक मी निमूटपणे खिशात घातलं.

दोन्ही अल्बम संगप्पाच्या कारखान्यामागच्या खोलीत झाले. भिंतीपलीकडे चादरींचे माग दिवसभर खटक-खटक चालायचे, आडवा धागा नेणारे धोटे इकडून तिकडे पळायचे. तिसऱ्या अल्बमला बिरुदेवला आवाजच बदलायचा होता. “लई गोंगाट झाला. आता शांत, मोकळं पायजे,” म्हणाला, आणि जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटच्या भिंतींना चादरी ठोकून त्यानं स्टुडिओ केला.

तिथं पहिल्याच दिवशी माझं पितळ उघडं पडलं. ठेका मध्येच पळायचा, मध्येच बसकण मारायचा. सहा वर्षं ठेका मी धरलाच नव्हता, तो संगप्पाचा माग धरत होता, हे मला तेव्हा कळलं. सांगणार कुणाला? ऋतुजानं कानात टिकटिक लावून दिली, ती मला दवाखान्यातल्या घड्याळासारखी वाटायची. चौथ्या दिवशी बिरुदेव माझ्याकडे न बघता म्हणाला, “सयाजी, उद्या न्हाय जमलं तर ठेका कंप्युटरवर घिऊ.”

मला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. या दोघांखेरीज माझं कुठंच काही जमलेलं नव्हतं.

सकाळी संगप्पाकडे गेलो, रेकॉर्डिंग सुरू करून मोबाइल मागाशेजारी ठेवला आणि त्याच्याबरोबर बाहेर चहा प्यायलो. दुपारी तोच आवाज गुपचूप कानात लावून ड्रमवर बसलो. ऋतुजा गायला लागली. ठेका असा बसला की बिरुदेवच्या भुवया वर गेल्या.

आणि कानातला माग थांबला. धागा तुटला की माग थांबतो, हे सोलापूरच्या माणसानं विसरावं म्हणजे कमालच. माझे हात थांबले, ते बघून बिरुदेवचेही थांबले. ऋतुजाचे डोळे मिटलेले होते, ती गातच राहिली. तिचा नुसता आवाज इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा ऐकला. मग कानात कुणीतरी ओरडलं, “गाठ मार की लवकर,” आणि माग सुरू झाला. मीही झालो.

गाणं संपल्यावर बिरुदेव जवळ आला. “ही थांबायची जागा कुटनं सुचली रं? ह्योच आवाज हुडकत हुतो मी.”

कौतुक खिशात घालायची मला सवय होतीच. पण ऋतुजा एवढ्या आनंदानं बघत होती की मला लाज वाटली. मी हेडफोन काढून बिरुदेवच्या कानाला लावला. त्यानं ऐकलं, आणि हसत हसत खालीच बसला.

“सहा वर्सं?”

“सहा.”

त्यानं हेडफोन स्वतःच्या गळ्यात अडकवला. “आता ह्याच्याबिगर वाजव.”

ऋतुजानं परत सुरुवात केली. माझा ठेका दोनदा डगमगला, दोन्ही वेळा तिनं मान हलवून मला सांभाळून घेतलं. ती जागा आली. कुठं धागा तुटला नव्हता. मी थांबलो.