अर्जातला आठवा रकाना

बाईंनी ईमेल तीनदा वाचला, तरी पाय जमिनीवर ठरेनात. विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून अकरा वर्षं झाली होती आणि परदेशी संशोधनवृत्तीच्या पहिल्या चाळणीतून त्यांचं नाव पार झालं होतं! सविस्तर अर्ज शुक्रवारपर्यंत पाठवायचा होता.

घरात नुसती धांदल उडाली. नवरा थंडीचे कपडे शोधायला लागला. नणंद रुग्णालयात परिचारिका, ती ड्यूटी संपवून थेट इकडेच आली आणि म्हणाली, "वहिनी, मोठ्याने वाच की."

बाई अर्जाचा कच्चा मसुदा वाचू लागल्या. हवामान बदलतंय तशी झाडांची फुलण्याची वेळ कशी सरकते, हा विषय. आधार, विद्यापीठाच्या आवारातल्या चाळीस झाडांच्या नऊ वर्षांच्या नोंदी. आठव्या रकान्यात प्रश्न होता, 'निरीक्षणे कोणी केली?' बाईंनी लिहिलं होतं, 'अर्जदाराने स्वतः.'

"थांब," नणंदेने अडवलं. "त्या नोंदी तुमच्या माळीदादांच्या ना? तूच सांगितलं होतंस."

"वह्या त्यांच्या, पण अर्थ मी लावला. आणि सगळे असंच लिहितात गं. माळ्याचं नाव बघून परीक्षक हसतील."

नणंदेने पर्स बाजूला ठेवली. "पेशंटचा ताप दर चार तासांनी मी बघते. औषध डॉक्टर ठरवतात, ती विद्या त्यांची. पण तक्त्यावर सही माझी असते. ती खोडून त्यांनी स्वतःची केली, तर तू काय म्हणशील?"

 बाईंना राग आला. "हातातोंडाशी आलेली संधी घालवू?"

"घालव कोण म्हणतंय? खरं लिही, एवढंच."

सकाळी बाई जरा घुश्शातच रोपवाटिकेत गेल्या. माळीदादा कुंड्या भरत होते. अर्जात नाव घालायचंय म्हटल्यावर त्यांनी हातांची माती झटकली. "पूर्ण नाव की नुसतं माळी?"

बाईंचा घुस्सा तिथेच विरला. "पूर्ण," त्या हळूच म्हणाल्या. "आणि पहिलं फूल कसं ठरवायचात, तेही सांगा."

"पहिलं मी धरतच नाही, बाई. एखादं खुळं असतं, वेळेआधीच येतं. तीन दिसली की मग तारीख टाकतो."

 नऊ वर्षांच्या तारखा बाईंनी अर्जात 'पहिले फूल' म्हणून मांडल्या होत्या! विचारायची गरजच कधी वाटली नव्हती. त्या अक्षरशः धावत खोलीत गेल्या, सगळी पद्धत नव्याने लिहिली आणि आठव्या रकान्यात माळीदादांचं नाव घातलं.

मुलाखतीत परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "फुलण्याची तारीख कशी ठरवलीत?" बाईंनी तीन फुलांचा नियम सांगितला, तो कुणाचा तेही सांगितलं. कोणी हसलं नाही. एका परीक्षकाने ते नाव नीट विचारून लिहून घेतलं.

संशोधनवृत्ती मिळाली! बातमी कळताच बाई आधी रोपवाटिकेत पोचल्या. पुढच्या शोधनिबंधावर दोन नावं छापली गेली, आणि विभागातले एक-दोन प्राध्यापक आपापल्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसांना जरा चाचरतच त्यांचं पूर्ण नाव विचारताना दिसले.

वाचकहो, आपल्याही कामात असे कितीतरी हात असतात. त्यांचं श्रेय देणं हा आपला मोठेपणा नव्हे. ते त्यांचंच असतं. आणि ज्याला आपण मोजत नाही, त्याला विचारतही नाही. मग अडाणी राहतो ते आपणच.